त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचे इंजिन आपल्या गाडीत बसवताना

एका गाडीची बॉडी अपघातात चेपलेली किंवा गंजून गेलेली असते, पण तिचे इंजिन ठणठणीत असते. दुसरीची बॉडी उत्तम असते आणि इंजिनाने मात्र मान टाकलेली असते. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या असतील तर एकीचे इंजिन दुसरीत बसवणे हा सरळ हिशेब वाटतो आणि बऱ्याच अंशी तो तसा असतोही. माउंटिंगच्या जागा जुळतात, होज पाइप जुळतात, काही कापावे किंवा वेल्डिंग करावे लागत नाही. नवख्या माणसाला भीती वाटते ती इंजिन उचलण्याची. प्रत्यक्षात तयारी नीट असेल तर उचलण्याचे काम तासाभरात आटोपते. काम फसते ते आधी न केलेल्या तुलनेमुळे आणि नंतर जोडायच्या राहून गेलेल्या एखाद्या अर्थिंगच्या पट्टीमुळे. म्हणून या लेखात उचलण्यापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना अधिक जागा दिली आहे.

ज्या गाडीतून इंजिन काढायचे तिला येथे सोयीसाठी ‘देणारी’ आणि ज्या गाडीत ते बसवायचे तिला ‘घेणारी’ गाडी म्हटले आहे. ऑइल बदलणे, ब्रेक पॅड बदलणे, जॅक लावून गाडी स्टँडवर घेणे एवढी कामे वाचकाला येतात असे गृहीत धरले आहे. हायब्रिड गाडीला मात्र यातले काही लावू नये. तिच्या नारिंगी केबलमधून जिवावर बेतणाऱ्या दाबाची वीज वाहते आणि ती यंत्रणा सुरक्षितपणे बंद करण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते.

मॉडेल एकच आहे, पण इंजिन एकच आहे का?

एकाच नावाची गाडी कंपन्या कित्येक वर्षे विकतात. त्या काळात बाहेरून फक्त दिवे आणि बंपर बदललेले दिसले तरी बॉनेटखाली बरेच काही बदललेले असू शकते, कारण प्रदूषणाचे नियम कडक झाले की सेन्सर, मॅनिफोल्ड आणि वायरिंग बदलावेच लागते. त्यामुळे पहिली नजर इंजिनाच्या कोडवर टाकावी. तो ब्लॉकवर, बहुधा गिअरबॉक्सच्या जोडाजवळ सपाट केलेल्या जागी ठोकलेला असतो. त्यावरची मळी तारेच्या ब्रशने काढून आणि बाजूने तिरपा उजेड टाकून तो वाचावा. कोडची अक्षरे इंजिनाचा प्रकार सांगतात, तर त्यासोबतचे आकडे त्या एका इंजिनाचा स्वतंत्र क्रमांक असतात.

कोड जुळला की निम्मी काळजी मिटते. उरलेल्या निम्म्यासाठी दोन्ही इंजिने शेजारी ठेवून किंवा दोघांचे फोटो समोर ठेवून बारकाईने पाहावे लागते. थ्रॉटल केबलचा आहे की इलेक्ट्रॉनिक, क्रँक सेन्सर ज्या दातेरी चाकावरून गती वाचतो त्याचे दाते सारखे आहेत का, ऑक्सिजन सेन्सर किती आहेत, अल्टरनेटरचा कपलर किती पिनांचा आहे, एसीच्या कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट एकाच जागी आहे का, हे सगळे पाहून लिहून ठेवावे. यातले बहुतेक फरक सुटे भाग अदलाबदल करून मिटतात, म्हणजे ब्लॉक आणि हेड देणाऱ्या गाडीचे ठेवून बाहेरचे मॅनिफोल्ड, सेन्सर आणि ब्रॅकेट घेणाऱ्या गाडीचे लावता येतात. दातेरी चाकाचा फरक मात्र जीव खातो, कारण ते कधी फ्लायव्हीलवर, कधी पुलीवर, तर कधी थेट क्रँकवर ब्लॉकच्या आत असते. घेणाऱ्या गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, आपल्या ओळखीचे दाते दिसले नाहीत तर बाकी सारे अचूक बसवूनही इंजिन सुरू होत नाही.

एक गाडी हाताच्या गिअरची आणि दुसरी ऑटोमॅटिक असेल तर फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचे जड चाक) आणि फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये त्याच जागी असणारी पातळ तबकडी) यांची अदलाबदल करावीच लागते. काही इंजिनांमध्ये क्रँकच्या टोकाला एक छोटे पायलट बेअरिंग असते. ते हाताच्या गिअरच्या गाडीत लागते आणि ऑटोमॅटिकमधून आलेल्या इंजिनात बहुधा नसते.

ईसीयू कोणता वापरायचा, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. उत्तर बहुतेक वेळा सोपे आहे: घेणाऱ्या गाडीचाच. चावीतील चिप, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि ईसीयू यांची एकमेकांशी ओळख जमवलेली असते आणि ती मोडली तर इंजिन लगेच बंद पडते किंवा सुरूच होत नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये याला एक शेपूट आहे. तिथे अनेक इंजेक्टरांवर बारीक अक्षरांत दुरुस्ती कोड छापलेला असतो आणि कोणत्या सिलिंडरवर कोणत्या कोडचा इंजेक्टर आहे हे ईसीयूला सांगावे लागते. इंजिन जागेवर बसल्यावर ते कोड वाचण्यासाठी आरसा आणि टॉर्च घेऊन कसरत करावी लागते. इंजिन बाहेर असतानाच सिलिंडरच्या क्रमाने त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

कागदपत्रांचे कामही याच टप्प्यावरचे आहे. नोंदणीच्या कागदांवर इंजिन क्रमांक असतो अशा ठिकाणी इंजिन बदलल्याची नोंद करून घ्यावी लागते आणि त्यासाठी देणाऱ्या गाडीच्या मालकीचा पुरावा लागतो. ज्याचा क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसतो ते इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून ठेवावा.

इंजिन चांगले आहे हे कशावरून ठरवायचे?

‘चालू इंजिन आहे’ हे विकणाऱ्याचे वाक्य असते. देणारी गाडी सुरू होत असेल तर ती पूर्ण थंड असताना पोहोचावे आणि आधी हात लावून इंजिन खरोखरच थंड असल्याची खात्री करावी, कारण थंड इंजिन सुरू होतानाच चेनचा खडखडाट, टॅपेटचा आवाज आणि निळा धूर लपवता येत नाही. ऑइलचे झाकण उघडून आत पाहावे. काळा पातळ थर चालतो, पण चिखलासारखा गाळ साचला असेल तर ऑइल वेळेवर बदललेले नाही असे समजावे. झाकणाखाली किंचित पांढरट साय असेल तर ती छोट्या फेऱ्यांमुळे साठलेल्या बाष्पाची असू शकते. तीच साय ऑइलच्या पट्टीवरही दिसली तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत आहे आणि अशा इंजिनाचा नाद सोडावा.

खरा निकाल कॉम्प्रेशन टेस्ट देते. शक्यतो इंजिन गरम करून, इंधन आणि इग्निशन दोन्ही बंद करून, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरला गेज लावावा आणि पाच-सहा फेरे होईपर्यंत सेल्फ मारावा. बॅटरी पूर्ण चार्ज असली पाहिजे, नाहीतर शेवटच्या सिलिंडरचा आकडा विनाकारण कमी येतो. साध्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दाब मिळतो. नेमका आकडा कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिलिंडरांमधला आपसातला फरक. तो १० ते १५ टक्क्यांच्या वर नसावा. एखादा सिलिंडर मागे पडत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा गेल्या आहेत आणि तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर घ्यावा. डिझेल इंजिनाचा दाब याच्या दुपटीहून अधिक असतो, त्यामुळे त्याला वेगळा गेज लागतो. पेट्रोलचा गेज त्याला लावणे धोक्याचे आहे.

इंजिन आधीच काढून जमिनीवर ठेवलेले असेल तर लीक-डाउन टेस्ट करावी. पिस्टन वरच्या टोकाला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते यात मोजतात. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, २० टक्क्यांच्या पुढे गेले तर कारण शोधलेच पाहिजे. या तपासणीची खरी मजा आकड्यात नाही, आवाजात आहे. हवेची सूं-सूं एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह आणि ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा गळत असतात. रेडिएटर जोडलेला असताना त्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेली चीर समजावी. शेवटी ऑइल फिल्टर कापून त्यातला कागद उलगडून उन्हात पाहावा. चमकदार कण दिसले तर बेअरिंगने जागा सोडायला सुरुवात केलेली असते आणि मग कॉम्प्रेशन कितीही चांगले असो, ते इंजिन घेण्यात अर्थ नाही.

जुने इंजिन कशाने गेले?

हा प्रश्न टाळून नवे इंजिन बसवले तर तेही त्याच वाटेने जाते. जुने इंजिन तापून गेले असेल तर रेडिएटर आतून तुंबलेला आहे का, पंखा योग्य तापमानाला फिरतो का आणि थर्मोस्टॅट उघडतो का, हे पाहावे लागेल. बेअरिंग खाऊन गेले असेल तर धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि त्याच्या पाइपांमध्ये अडकून राहिलेला असतो. कूलर कितीही धुतला तरी तो चुरा पूर्ण निघत नाही, म्हणून जुना कूलर नव्या इंजिनाला लावूच नये. टर्बो फुटून गेले असेल तर इंटरकूलर आणि हवेच्या पाइपात ऑइल आणि पात्यांचे तुकडे शोधावेत. डिझेल इंजिन टर्बोतून आलेले ऑइल इंधन म्हणून ओढून घेऊ शकते आणि मग चावी बंद करूनही ते थांबत नाही.

सोडवण्याआधीची तयारी

सपाट आणि कठीण जमीन, इंजिन क्रेन, चार भक्कम स्टँड, टॉर्क रेंच, इंजिनाचा तोल हवा तसा बदलता येणारा लेव्हलर आणि हाताशी अग्निशामक एवढे असल्याशिवाय सुरुवात करू नये. क्रेनचा बूम जितका लांब काढावा तितकी तिची क्षमता घटते, म्हणून दोन टनांची क्रेन पूर्ण लांबीवर त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढेच वजन पेलत असली तर नवल नाही. बूमवर प्रत्येक भोकापाशी लिहिलेला आकडा वाचावा. चार सिलिंडरच्या छोट्या ॲल्युमिनियम इंजिनाचे वजन गिअरबॉक्स सोडून १०० किलोच्या आसपास असते, तर लोखंडी ब्लॉकच्या डिझेलचे त्याच्या दुप्पटही भरते.

याहून स्वस्त, पण तितक्याच मोलाच्या गोष्टी म्हणजे झिप असलेल्या पिशव्या, कागदी टेप आणि न पुसणारे पेन. प्रत्येक कपलरच्या दोन्ही बाजूंना एकच क्रमांक लिहिलेली टेप लावावी. बोल्ट कोणत्या भागाचे आहेत ते लिहून वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि वेगवेगळ्या लांबीचे असतील तर पुठ्ठ्यावर त्या भागाची बाह्यरेखा काढून जागच्या जागी खोचून ठेवावेत. गिअरबॉक्सचे आणि टायमिंग कव्हरचे बोल्ट दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे असतात, आणि लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की ॲल्युमिनियमला चीर जाते. फोटो काढताना आधी लांबून एक आणि मग जवळून दुसरा काढावा. नुसत्या जवळच्या फोटोवरून ती क्लिप कुठली हे महिन्याभराने कळत नाही.

सोडवण्याचा क्रम

इंधनाचा दाब आधी उतरवावा. पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवावे आणि मग एक-दोनदा सेल्फ मारावा. त्यानंतर बॅटरीची ऋण बाजू आधी आणि धन बाजू नंतर काढावी. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या पेट्रोल इंजिनात पंपानंतरचा दाब शंभर बारच्या वर असतो आणि कॉमन रेल डिझेलमध्ये तो १,५०० बारच्याही पुढे जातो. अशा गाडीत मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय उच्च दाबाच्या पाइपांना पाना लावू नये. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते.

एसीचा गॅस हवेत सोडणे पर्यावरणाला घातक असून अनेक देशांत बेकायदाही आहे. त्याची गरजही सहसा पडत नाही, कारण कॉम्प्रेसर पाइपांसकट ब्रॅकेटवरून सोडवून तारेने बाजूला बांधता येतो. पॉवर स्टिअरिंगचा पंपही तसाच बाजूला बांधावा. मात्र दोन्हींचे वजन होज पाइपावर लटकत राहू नये. कूलंट भांड्यात काढून झाकून ठेवावा. त्यातले इथिलीन ग्लायकोल चवीला गोडसर आणि विषारी असते, आणि सांडलेले कुत्री-मांजरे चाटतात.

पुढचा क्रम बहुतेक गाड्यांत सारखाच असतो. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेनने रेघ ओढून बॉनेट दोघांनी मिळून काढावे, म्हणजे परत बसवताना फटी जुळवत बसावे लागत नाही. मग एअर फिल्टरचा डबा, बॅटरीचा ट्रे, रेडिएटर आणि पंखा काढावा. रेडिएटर ठेवायचाच असेल तर त्यावर जाड पुठ्ठा बांधावा. एक्झॉस्टच्या नटांवर गंज सोडवणारे ऑइल आदल्या दिवशीच मारून ठेवावे, नाहीतर नट सुटण्याऐवजी स्टड तुटतो आणि अर्धा दिवस तो काढण्यात जातो.

वायरिंगचा हारनेस, म्हणजे वायरांची अख्खी जुडी, इंजिनासोबत काढायचा की गाडीत ठेवायचा, यावर मेकॅनिकांमध्ये दोन तट आहेत. माझे मत असे की घेणाऱ्या गाडीचा हारनेस सुस्थितीत असेल तर तोच वापरावा, कारण ईसीयू आणि फ्यूजबॉक्स त्याच गाडीचे राहणार आहेत. उंदरांनी कुरतडलेला किंवा उष्णतेने कडक झालेला असेल तर दोन्हींचे कपलर एक-एक करून पडताळावेत आणि मगच देणाऱ्याचा घ्यावा.

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ड्राइव्ह शाफ्ट ओढण्याआधी गिअर ऑइल काढावे, नाहीतर ते सगळे अंगावर येते. शाफ्ट काढताना आतला जोड धरून काढावा. शाफ्टच्या मधल्या दांड्याला हिसका दिला की आतला जोड निसटतो आणि रबरी बूट फाटतो. सबफ्रेम (इंजिनाखालची बॉडीला बोल्टने जोडलेली चौकट) उतरवण्यासाठी स्टिअरिंगचा खालचा जोड सोडवायचा असेल तर आधी स्टिअरिंग सरळ ठेवून बांधून टाकावे. मोकळे स्टिअरिंग गरगर फिरले तर एअरबॅगची आतली गुंडाळलेली पट्टी तुटते. हायड्रॉलिक क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बाजूला बांधल्यावर क्लचच्या पेडलवर कोणाचा पाय पडणार नाही याची काळजी घ्यावी.

गिअरबॉक्ससकट इंजिन काढणे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत सहसा सोपे जाते, कारण दोघांना जोडणारे खालचे बोल्ट गाडीत असताना हाताला लागत नाहीत. काही मॉडेलांत जोडगोळी वरून निघतच नाही. तिथे सबफ्रेमसह खाली उतरवून बॉडी वर उचलावी लागते आणि हे घरच्या क्रेनचे काम नाही.

उचलताना

साखळी कंपनीने दिलेल्या लिफ्टिंग हुकांनाच लावावी; मॅनिफोल्डला किंवा प्लॅस्टिकच्या पाइपाभोवती कधीही नाही. साखळी ताठ होईपर्यंत क्रेन वर घ्यावी, वजन क्रेनवर आले की माउंटिंगचे बोल्ट सोडवावेत आणि पाच-दहा सेंटिमीटर उचलून थांबावे. या थांबण्यात इंजिनाभोवती पूर्ण फेरी मारून कुठली वायर, केबल किंवा पाइप ताणला जात आहे का ते पाहावे. काहीतरी राहिलेले असतेच. क्रेनचा चालक सोडून दुसऱ्या माणसाने इंजिन हाताने फक्त वळवावे, पेलू नये. हवेत लटकणाऱ्या इंजिनाखाली हात, पाय किंवा डोके जाता कामा नये. बाहेर आलेले इंजिन लगेच खाली घेऊन स्टँडवर किंवा टायरवर टेकवावे.

इंजिन बाहेर असताना काय बदलावे?

घाई सगळ्यांत जास्त इथे होते आणि नुकसानही इथेच होते. गाडीत बसल्यावर ज्या भागासाठी दिवसभर खपावे लागेल, तो भाग आत्ता अर्ध्या तासात बदलून होतो. क्रँकचे मागचे आणि पुढचे ऑइल सील, टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि आयडलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह कव्हरचे पॅकिंग आणि फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे) जाणारे हीटरचे होज पाइप हे भाग दिसायला बरे असले तरी बदलावेत. क्लच प्लेट अर्धी उरलेली असली तरी नवीच घालावी आणि तिच्याबरोबर रिलीज बेअरिंगही. इंजिन माउंटिंगचे रबर चिरलेले असेल तर तेही बदलावे. ऑइलचे चेंबर उघडून पंपाची जाळी पाहण्याचा सल्ला मी आवर्जून देईन. जुन्या इंजिनात कडक झालेल्या सीलचे तुकडे आणि गाळ तिथेच अडकतो आणि कॉम्प्रेशन टेस्टमध्ये तो दिसत नाही. चेंबर परत लावताना सिलिकॉन बेताचेच लावावे, कारण आतल्या बाजूला ओघळलेले सिलिकॉन सुकून त्याच जाळीत जाऊन बसते.

बेल्ट बदलताना कॅम आणि क्रँक ठरलेल्या पिनांनी अडकवूनच काम करावे. बेल्ट लावून झाल्यावर पिना काढाव्यात आणि क्रँक पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. फिरवताना कुठे कडक अडथळा लागला तर जोर लावू नये. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या जागेत येऊ शकतात, तिथे तो अडथळा म्हणजे पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह असतो. फ्लायव्हीलचे बोल्ट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. मॅन्युअल तसे म्हणत असेल तर नवे घ्यावेत आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना

दोघांच्या तोंडाशी दोन पोकळ लोखंडी पिना असतात, त्यांना डॉवेल म्हणतात. इंजिन वेगळे करताना त्यातली एक कधी जुन्या ब्लॉकमध्येच राहून जाते. डॉवेल नसतानाही बोल्ट बसतात, गाडी चालते, पण गिअरबॉक्स केसभर वाकडा राहतो. मग क्लच थरथरतो, शाफ्टचे बेअरिंग आणि सील लवकर जातात आणि कारण कोणाला सापडत नाही. जोडण्याआधी दोन्ही डॉवेल बोटाने चाचपून पाहाव्यात. दोघांच्या मध्ये एखादी पातळ पत्र्याची प्लेट असेल तर ती फ्लायव्हील लावण्याआधीच जागेवर बसवावी लागते.

क्लच प्लेट मध्यभागी आणणाऱ्या दांड्याने जुळवून, तिची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हवी ते प्लेटवर वाचून, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत न्यावेत. गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जाताना अडला तर क्रँकची पुली किंचित फिरवून शाफ्टवरच्या दात्यांना वाट द्यावी. दोन्ही तोंडे हाताने ढकलून पूर्ण टेकली पाहिजेत. फट उरली म्हणून बोल्ट आवळून ती बुजवायला जाऊ नये, कारण त्यात गिअरबॉक्सचा कान तुटतो.

ऑटोमॅटिकमध्ये इथेच सर्वांत महागडी गफलत होते. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा ऑइलने भरलेला गोल भाग) गिअरबॉक्समध्ये ढकलत आणि फिरवत बसवताना तो टप्प्याटप्प्याने आत सरकतो आणि प्रत्येक वेळी खट् असा आवाज येतो. शेवटचा टप्पा पंपाच्या खाचेत बसण्याचा असतो. तो बसला नसेल आणि तसेच बोल्ट आवळले तर इंजिनाच्या जोराने गिअरबॉक्सचा पंप चिरडला जातो. म्हणून गिअरबॉक्सच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टर किती आत आहे ते मोजावे आणि मॅन्युअलमधील आकड्याशी ताडावे. गिअरबॉक्सचे घंटेसारखे तोंड इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्यात व फ्लेक्सप्लेटमध्ये काही मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर सगळे परत मागे घ्यावे.

गाडीत बसवणे

इंजिन खाली सोडताना माउंटिंगचे सगळे बोल्ट आधी फक्त हाताने लावावेत. इंजिनाचे वजन पूर्ण माउंटिंगवर येऊन ते स्वस्थ बसले की मगच टॉर्कने आवळावेत, नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीत राहते आणि गाडी उभी असताना स्टिअरिंगला कंप जाणवतो. ड्राइव्ह शाफ्ट आत जाताना खटका लागला पाहिजे. नंतर हलकेच ओढून तो सुटत नाही याची खात्री करावी आणि त्याच्या तोंडाचे सील नवे घालावे.

अर्थिंगच्या पट्ट्यांचा उल्लेख मुद्दाम वेगळा केला पाहिजे. बॅटरीची ऋण केबल गिअरबॉक्सला, तिथून बॉडीला आणि कधी हेडपासून फायरवॉलला अशा दोन-तीन पट्ट्या असतात. त्या जोडायच्या राहिल्या तर सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे बहुधा क्लचची किंवा गिअरची केबल किंवा एखादी बारीक वायर. केबलचे प्लॅस्टिक वितळून धूर निघतो तो यामुळे. जोडण्याआधी तिथला रंग आणि गंज घासून धातू उघडा करावा.

पहिल्यांदा सुरू करणे

नवा ऑइल फिल्टर, नवे ऑइल, गिअर ऑइल आणि कूलंट भरून झाल्यावर लगेच चावी फिरवू नये. इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, शक्य असल्यास प्लग काढून, दहा-दहा सेकंदांचे सेल्फ मारावेत आणि मध्ये सेल्फ मोटर थंड होऊ द्यावी. ऑइलचा लाल दिवा विझला की ऑइल सगळीकडे पोहोचले. टर्बो असेल तर त्याच्या ऑइलच्या तोंडात आधीच थोडे स्वच्छ ऑइल सोडावे. मग इंधनाचा फ्यूज लावून चावी दोन-तीनदा फक्त ‘ऑन’ करावी आणि इंधनाच्या प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून गळती पाहावी.

सुरू झाल्यावर काही सेकंदांत ऑइलचा दिवा विझला नाही तर लगेच बंद करावे. एक्झॉस्टवर सांडलेल्या ऑइलचा आणि हातांच्या डागांचा धूर पहिली काही मिनिटे येतोच, त्याला घाबरण्याचे कारण नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, कूलंटमधली हवा बाहेर काढत, रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन आयडलवर चालवावे. तापमानाचा काटा वर जात असताना हीटरमधून थंड हवा येत असेल तर आत हवा अडकली आहे. बंद करून, थंड होऊ देऊन पुन्हा हवा काढावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

त्यानंतर स्कॅनर लावून ईसीयूने नोंदवलेले बिघाडांचे कोड वाचावेत. बॅटरी काढल्यामुळे आलेले जुने कोड पुसून गाडी पुन्हा चालवावी आणि परत येतात तेवढ्यांकडेच लक्ष द्यावे. काही मॉडेलांत क्रँक सेन्सरची आणि थ्रॉटलची नव्याने ओळख करून द्यावी लागते, नाहीतर इंजिन ठीक असूनही मिसफायरचा कोड येत राहतो. डिझेलच्या इंजेक्टरांचे टिपून ठेवलेले कोडही याच वेळी स्कॅनरने भरावेत.

पहिली फेरी जवळचीच आणि हळू असावी. परत आल्यावर इंजिन थंड करून सगळ्या पातळ्या पुन्हा पाहाव्यात, कारण कूलंट हमखास खाली गेलेला असतो. ५०-१०० किलोमीटर झाल्यावर एक्झॉस्टचे नट, माउंटिंग आणि होजच्या क्लिपा पुन्हा तपासाव्यात. नवा क्लच पहिले काही शे किलोमीटर घसरवू नये आणि भार टाकून ओढू नये. इंजिन बरेच दिवस पडून असेल तर पहिले ऑइल ५०० किलोमीटरच्या आसपास बदलावे आणि काढलेला फिल्टर पुन्हा कापून पाहावा. जुने इंजिन तोवर भंगारात देऊ नये. एखादे ब्रॅकेट, सेन्सर किंवा डॉवेल त्याच्यावरच राहिल्याचे याच दिवसांत लक्षात येते.